खोबरेल: बाटलीतलं आणि माडावरचं

डिसेंबरात होस्टेलवर एक सीन ठरलेला असतो. बाटलीतलं खोबरेल पांढरं, घट्ट झालेलं आणि ती बाटली गरम पाण्याच्या मगमध्ये उभी! कोणीतरी हमखास म्हणतं, "गोठलं ना, म्हणजे प्युअर आहे." मित्रांनो, हा निकष जरा तपासून बघू या.

खोबरेल साधारण 24-25 अंश सेल्सिअसला गोठतं, कारण त्यातली 90 टक्क्यांच्या आसपास फॅटी ॲसिड्स संतृप्त असतात. जवळजवळ निम्मा वाटा एकट्या लॉरिक ॲसिडचा. पण पाम कर्नेल तेलातही लॉरिक ॲसिड जवळपास तेवढंच असतं आणि तेसुद्धा थंडीत गोठतं. म्हणजे भेसळ त्याची असेल तर फ्रीजची टेस्ट आरामात पास! लॅबमध्ये मात्र आयोडीन व्हॅल्यू काढतात. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं तो हा आकडा. डबल बॉण्ड जास्त तर आकडा मोठा. मानकांप्रमाणे खोबरेलाचा 7.5 ते 10 असायला हवा. पाम कर्नेलचा याच्या वर जातो, सूर्यफुलाचा तर शंभराच्याही पुढे.

डबल बॉण्ड इतके कमी, मग खोबरेल खवट का होतं? इथे हवेपेक्षा पाणी मोठा व्हिलन आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळ्याला एकच शब्द, 'कोकोनट'. मराठीत ओलं खोबरं वेगळं आणि सुकं वेगळं, आणि तेलाचं सगळं गणित या दोन शब्दांच्या मधे आहे. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणीच असतं; ते सुकवून 6 टक्क्यांपर्यंत आणावं लागतं. मधेच पाऊस आला, ढीग दमट राहिला, की बुरशी चढते. बुरशीचं लायपेज एन्झाइम तेलाचे रेणू तोडतं, फॅटी ॲसिड्स सुटी होतात आणि साबणासारखा वास येतो. त्यातली ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी तर ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे बाटली गोठवून कसं कळणार?

आता बाटली सोडून माडाकडे. केरळात कासरगोडला 1916 साली नारळ संशोधन केंद्र सुरू झालं. 1970 पासून तिथे केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्था आहे. दुष्काळात माडाचं काय होतं यावर तिथे बरीच वर्षं काम झालं आहे: पर्णरंध्रं कधी मिटतात, पानावर मेणाचा थर किती असतो, वगैरे. मला त्यातला एकच आकडा भन्नाट वाटला, 44 महिने! झावळीच्या बेचक्यात पोयीचा अंकुर धरल्यापासून नारळ पाडण्याजोगा होईपर्यंत एवढा काळ जातो. त्यातले सुमारे 32 महिने पोय आतच असते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे एका कडक उन्हाळ्याचा फटका तीन-चार वर्षं हप्त्याहप्त्याने बसत राहतो. आपण दुष्काळाच्या वर्षी नारळ मोजून म्हणतो, 'फारसं नुकसान नाही', आणि खरं नुकसान तर अजून पोटात असतं. नुकसानभरपाई एकाच वर्षाच्या मोजणीवर ठरवणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

मग ही दोन टोकं जुळतात. नारळ कमी लागले की भाव चढतो आणि लवकर पाडायचा मोह होतो. पण कोवळ्या नारळाच्या खोबऱ्यात तेल कमी, पाणी जास्त. ते सुकल्यावर रबरासारखं होतं आणि बुरशीला आयतंच आमंत्रण! पूर्ण तयार व्हायला पोय उमलल्यापासून 11-12 महिने द्यावेच लागतात.

यावर उपाय फार हायटेक नाहीत. सोडणं फेकून न देता माडाभोवती चर खणून पुरली तर ती स्पंजसारखी वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरतात. आळ्यात मीठ टाकायची जुनी रीत आहे. ऐकायला खुळचट वाटेल, पण पर्णरंध्रांची उघडझाप करायला माडाला पोटॅशियमसोबत क्लोराइड लागतं, आणि मिठात ते भरपूर असतं.