अंधारातील ट्रॉली आणि वेगाचे गणित

ऊस गळीत हंगामात भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रात्री रस्त्यावरच उभी राहणे ही नेहमीची बाब आहे. मागून मोटारसायकल येऊन आदळली की "वेग काही फार नव्हता" असे लोक सांगतात. वेगाचा अंदाज इथेच चुकतो. शेतकरी बंधूंनो, आपण हा हिशेब विहिरीवरून करून पाहू.

कोरड्या विहिरीत १७ फूट खाली पडणारा माणूस तळाला आपटतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर झालेला असतो. ताशी ७२ किलोमीटर वेग येण्यास विहीर किती खोल हवी? दुप्पट नव्हे, चौपट. म्हणजे सुमारे ६७ फूट. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोटारसायकलवर मात्र ही खोली डोळ्यांना दिसत नाही.

भरलेली ट्रॉली ही विहिरीच्या तळासारखीच असते. ट्रॉलीचे वजन १० टन आणि दोघांसह मोटारसायकलचे २५० किलो धरू. धडकेचे बल दोघांवर सारखेच येते, पण वजनात ४० पटींचा फरक आहे. ट्रॉलीला ब्रेक नसता आणि मोटारसायकल तिला चिकटून पुढे गेली असती, तरी ताशी ७२ किलोमीटरचा वेग पावणेदोनवर आला असता. म्हणजे जवळजवळ सगळा वेग स्वारालाच क्षणात गमवावा लागतो.

तो किती अंतरात जातो यावर इजा ठरते. कडब्याच्या गंजीवर उडी मारली तर अंग हातभर दबत थांबते. खळ्याच्या फरशीवर तसे होत नाही. थांबण्याचे अंतर दहापट वाढले की सरासरी बल दहाव्या हिश्शावर येते. हेल्मेटमधील फोमचा थर चेपतो तो याचसाठी. म्हणून एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट, वरून चांगले दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

आता ब्रेकचे पाहू. ताशी ७२ किलोमीटर वेगात ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंदभर, म्हणजे २० मीटर जातात. पुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. डिपर दिव्यात काळपट, धुळीने माखलेली ट्रॉली इतक्या लांबून दिसत नाही. चांगली परावर्तक पट्टी मात्र १०० मीटरहून अधिक अंतरावरून चमकते. दोष एकट्या स्वाराचा मानणे त्यामुळे मला पटत नाही.

पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर पूर्ण रुंदीत लावावी. लोंबणाऱ्या उसाने ती झाकते, चिखलाने मळते. भरणी झाल्यावर फडक्याने पुसून घ्यावी. ट्रॉली बंद पडल्यास शक्यतो डांबराच्या खाली घ्यावी आणि मागे ५०-६० पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी किंवा दगड ठेवण्याची पद्धत आहे, पण अंधारात तीही दिसत नाहीत. चाकाखाली लावलेले दगड तर ट्रॉली गेल्यावर हमखास तिथेच राहतात. निघताना ते उचलून बाजूला टाकावेत.