शेतीकामासाठी स्मार्टफोनची निवड : कॅमेरा व बॅटरीची पारख

पिकावरील कीड-रोगाचे निदान आज अनेकदा छायाचित्रावरून केले जाते. २०२४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली तसेच महाराष्ट्रातील ई-पीक पाहणी यांत शेतातून घेतलेले छायाचित्र महत्त्वाचे ठरते. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. छायाचित्र अस्पष्ट आल्यास निदान चुकून अनावश्यक फवारणी होऊ शकते. ऐन वेळी बॅटरी संपल्यास नोंद लांबणीवर पडते. म्हणून नवा फोन घेताना जाहिरातीपेक्षा शेतातील गरज डोळ्यांसमोर ठेवावी.

कॅमेरा

मेगापिक्सेलचा आकडा हा एकमेव निकष नव्हे. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात बहुधा चार-चार बिंदू एकत्र करून सुमारे १२.५ मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो. स्पष्टता मुख्यतः सेन्सरचा आकार, भिंगाचा दर्जा आणि जवळच्या वस्तूवर फोकस साधण्याची क्षमता यांवर अवलंबून असते.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे लिहावे तशी फिकट खूण असते आणि शरीराच्या मागील बाजूस, पोटाच्या आठव्या खंडावर, चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. या खुणा छायाचित्रात दिसल्या नाहीत, तर ही अळी तीच आहे असे तज्ज्ञाला खात्रीने सांगता येत नाही. फुलकिडे तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचे असतात.

कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये ‘मॅक्रो’ नावाचा २ मेगापिक्सेलचा स्वतंत्र कॅमेरा असतो. त्यात बहुधा ऑटोफोकस नसल्याने ठरावीक अंतरावरच चित्र स्पष्ट येते. त्यापेक्षा चांगल्या मुख्य कॅमेऱ्याने थोड्या अंतरावरून छायाचित्र घेऊन नंतर हवा तेवढा भाग कापून घेणे अधिक उपयुक्त ठरते. ऑप्टिकल स्थिरीकरणाची सोय सायंकाळी किंवा दाट पिकाच्या सावलीत हाताची थरथर सावरते. वाऱ्याने हलणारे पान मात्र हातानेच धरावे लागते.

बॅटरी

५,००० एमएएच किंवा त्याहून अधिक क्षमता दिवसभराच्या शिवारफेरीसाठी सोयीची असते. तथापि समान क्षमतेचे दोन फोन सारखाच वेळ टिकतील असे नाही. प्रखर उन्हात वाढवलेला पडद्याचा उजेड, सतत चालू असलेले जीपीएस आणि कमकुवत नेटवर्कचा शोध यांमुळे बॅटरी लवकर उतरते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता विशेष घातक असते. सर्वसाधारणपणे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत फोन वापरावा असे काही उत्पादक सुचवतात; विदर्भातील उन्हाळ्यात तापमान सहज ४० अंशांपुढे जाते. अशा वेळी फोन उजेड कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. म्हणून तो ट्रॅक्टरच्या आसनावर किंवा बंद वाहनात उन्हात ठेवू नये.

खरेदीपूर्वी पडताळणी

१. मावा किंवा ठिपके असलेले पान सोबत न्यावे. मुख्य कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहावे.
२. दुकानाबाहेर उन्हात पडदा वाचता येतो का, हे पाहावे.
३. छायाचित्रासोबत स्थानाची नोंद होते का, हे तपासावे.
४. धूळ व पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन पाहावे. आयपी ६७ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बचाव. ही चाचणी साध्या पाण्याची असते. कीटकनाशकाच्या द्रावणाला ती लागू नाही.
५. चार्जर सोबत मिळतो का, बॅटरी बदलण्याची सेवा जवळच्या शहरात आहे का आणि सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार, हे विचारावे.

छायाचित्र पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचित होते आणि बारीक तपशील हरवतात. तज्ज्ञाकडे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. संपूर्ण झाड, बाधित भाग आणि कीड अशी तीन स्वतंत्र छायाचित्रे द्यावीत. पानाची खालची बाजूही टिपावी. एवढी काळजी घेतल्यास मध्यम किमतीचा फोनही निदानासाठी पुरेसा ठरू शकतो.