दुव्यापासून मूळ पुराव्यापर्यंत

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या प्रवेशाविषयी इंटरनेटवर पुष्कळ लिहिलेले आढळते. परंतु त्यातील कोणता दुवा शाळेच्या मूळ नोंदीपर्यंत नेतो? सातारा-सांगलीच्या आमच्या मुलांना इतिहासाची साधने शोधावयास शिकविताना आम्ही येथूनच प्रारंभ करतो.

वेबपानाच्या एचटीएमएल मजकुरात दुवा 'ए' या खुणेत असतो व त्याचा पत्ता 'एचरेफ' या गुणधर्मात. पायथन भाषेतील 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी पान आणून देते. 'ब्युटिफुल सूप' ही लायब्ररी त्याची रचना उलगडते. तिची 'फाइंड ऑल' ही आज्ञा सर्व 'ए' खुणा वेचते. मग प्रत्येकीतील 'एचरेफ' वाचावा. काही पत्ते अपुरे असतात, जणू घर सांगितले पण गाव राहिले. ते 'यूआरएलजॉइन'ने मूळ पानाच्या पत्त्याशी जोडावेत. पुनरुक्ती काढावी. संकेतस्थळाच्या 'रोबोट्स' फाइलमधील मनाई पाळावी व दोन पाने मागविताना मध्ये विराम ठेवावा.

यादी यंत्र करते. पारख मात्र आपणच करावयाची. दहा पाने एकमेकांकडेच बोट दाखवीत असतील, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. ती एकच ऐकीव गोष्ट होय. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्या लेकरांनी ऐकीवावर विसंबू नये. मूळ कागद स्वतः वाचावा, मगच लिहावे.