विडीची तलफ आणि बुद्धांचे पाच उपाय

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही शिक्षणविषयक लिहून द्यावे, अशी चालकांची आज्ञा झाली. प्रथम पाठपद्धतीवर लिहावे असा आमचा मानस होता. परंतु सभासदांपैकी कित्येकांच्या घरी ज्या गोष्टीची चर्चा कधी होत नाही, वास मात्र रोज येतो, तिच्यावर लिहिणे अधिक उपयोगाचे होईल असे वाटले. ती गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट. ती सोडावी कशी, आणि सोडल्यावर सुटलेली ठेवावी कशी, याविषयी बौद्ध ग्रंथांतून आम्हांस जे मिळाले ते येथे मांडतो. आम्ही स्वतः एकोणीस वर्षे विडी ओढली व ती सोडून आता चार वर्षे झाली. तेव्हा लिहिण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारू नये.

तंबाखू ही काही आपल्याकडची जुनी वस्तू नव्हे. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्गाने ती दक्षिणेत आली. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग याने ती विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारी नेली. बादशहाने दोनचार झुरके घेतले आणि हकिमाने हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने मनाईहुकूम काढला. त्याचा किती उपयोग झाला हे आज कोणत्याही पानपट्टीसमोर उभे राहिले की कळते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, आणि त्यांत सिगारेटवाल्यांपेक्षा विडीवाले अधिक. आपला मध्यप्रदेश तर तेंदूपत्त्यात देशात अग्रेसर. म्हणजे विडी आपल्या अंगणातलीच. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज मात्र साफ चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून झुरके अधिक वेळा घ्यावे लागतात.

आमच्या सोडण्यास निमित्त झाला आठवीतील एक मुलगा. शाळेच्या मागील भिंतीशी विडी ओढताना तो सापडला आणि त्याला आमच्यापुढे आणून उभे केले. आम्ही फळ्यावर फुप्फुसाचे चित्र काढून त्याला समजावू लागलो. मुलगा निमूटपणे ऐकत होता, पण त्याची नजर आमच्या सदऱ्याच्या खिशावर होती. खिशात बंडल होते. तो काही बोलला नाही. बोलला असता तर आम्ही रागावून मोकळे झालो असतो. त्या संध्याकाळी ते बंडल आम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकले (इंदूरकरास रस्त्यावर टाकण्याची आता सोय नाही), आणि तिसऱ्या दिवशी नवे घेतले. त्या वर्षी असे पाच वेळा झाले.

या अपयशात एक कोडे होते. रमजानच्या महिन्यात आम्ही दरवर्षी रोजे ठेवतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा-चौदा तास पाणीही नाही, मग विडी कुठली? निकोटीनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणजे संध्याकाळपर्यंत शरीरात ते जवळजवळ उरत नाही. पहिले दोनतीन दिवस डोके दुखे, चिडचिड होई, पण दिवसा कधी विडी पेटवली नाही. मात्र इफ्तारचा खजूर तोंडात असतानाच हात खिशाकडे जाई. जो माणूस चौदा तास राहू शकतो, त्याला पंधरावा तास का जमू नये?

हे कोडे आम्ही महूच्या एका निवृत्त शिक्षकबंधूंपुढे मांडले. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी ते जन्मले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांस दिली, त्यांत या सद्गृहस्थांचे वडील होते. ते हसून म्हणाले, “मास्तर, रोज्यात तुम्ही तलफेशी वाद घालत नाही. नियत केली, प्रश्न मिटला. एरवी दर अर्ध्या तासाने वाद घालता, आणि वादात ती तुमच्यापेक्षा हुशार आहे.” मग त्यांनी आम्हांस मज्झिमनिकायातील विसावे सुत्त वाचावयास सांगितले. त्याचे नाव वितक्कसंठान. नको ते विचार मनात येऊ लागले तर साधकाने काय करावे, याचे पाच उपाय बुद्धांनी श्रावस्तीस जेतवनात सांगितले, ते त्यात आहेत.

पहिला उपाय सुताराचा. कुशल सुतार जाड मेख काढताना तिच्यावर बारीक मेख ठोकतो. तसे वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवावा. मन रिकामे करा असे बुद्ध येथे म्हणत नाहीत. शिक्षकाला हे पटकन समजावे, कारण वर्गात “गडबड करू नका” म्हटल्याने गडबड थांबत नाही, हाती काम दिल्याने थांबते. आम्ही आमच्या प्रत्येक विडीची वेळ लिहून काढली. सकाळच्या चहाबरोबरची, मधल्या सुटीतली, वह्या तपासतानाची, रात्री सराफ्यात मित्रांबरोबरची. प्रत्येकीसाठी वेगळी बारीक मेख शोधावी लागली. चहा काही दिवस घरातल्यांच्या मध्ये बसून घेतला. मधल्या सुटीत मुलांबरोबर पटांगणावर राहिलो. वह्यांसाठी बडीशेपेची डबी ठेवली. सराफ्याला मेख सापडेना, म्हणून दोन महिने तिकडे गेलोच नाही. गराडूसाठी जीव कासावीस होई, हे कबूल करतो.

दुसरा उपाय, त्या गोष्टीतील दोष पाहणे. नटण्याची आवड असणाऱ्या तरुणाच्या गळ्यात मेलेल्या सापाचे कलेवर अडकवले तर त्याला जशी किळस येईल, तशी ती गोष्ट पाहावी. पाकिटावरील चित्रे हेच करू पाहतात. आम्हांस मात्र त्या मुलाची नजर पुरली. तिसरा उपाय, तिकडे लक्षच न देणे, डोळस माणसाने डोळे मिटावे तसे.

चौथा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. एक माणूस भराभर चालत आहे. त्याच्या मनात येते, मी इतका घाईने का चालतो? हळू चालावे. मग, चालावे तरी का? उभे राहावे. मग बसावे, मग आडवे व्हावे. असे विचाराच्या वेगाकडे पाहत तो वेग पायरीपायरीने उतरवावा. तलफ आली की आम्ही खुर्चीत बसून ती अंगात कोठे आहे हे पाहू लागलो. घशात कोरड, छातीत ओढ, बोटांत चुळबुळ. पाहता पाहता ती चढे आणि उतरे. घड्याळ लावून पाहिले, तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत ओसरे. एकोणीस वर्षे आम्ही समजत होतो की विडी ओढल्याशिवाय तलफ जात नाही. ती आपोआपच जाते, हे आम्ही कधी थांबून पाहिलेच नव्हते. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात शिकविलेल्या विपश्यनेत हाच अभ्यास असतो. इंदूरजवळ धम्म मालवा केंद्रात त्याची दहा दिवसांची शिबिरे होतात, आणि शिबिरात तंबाखू पूर्ण वर्ज्य.

पाचवा उपाय, दातावर दात दाबून, जीभ टाळूस लावून, बळकट माणसाने दुबळ्याला दाबावे तसे मनाने मनास दाबणे. हा शेवटचा आहे, हे ध्यानात घ्यावे. पहिले चार फसल्यावर तो वापरावयाचा. आम्ही पाचही खेपांस यानेच सुरुवात केली होती. “म्हणजे पहिलीत नाव घालण्याआधी तुम्ही मॅट्रिकला बसलात,” असे महूकर म्हणाले.

येथे एक शंका कोणी काढील, की पंचशीलातील पाचव्या शीलात मद्याचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. खरे आहे. बुद्धांच्या काळी ती या देशात नव्हतीच. कंबोडिया, थायलंड या बौद्ध देशांत भिक्खूंना दानात सिगारेटी देण्याची रीत होती. तेव्हा नुसते बौद्ध म्हणवून विडी सुटत नाही, आणि बौद्ध नसल्याने हे उपाय लागू पडत नाहीत असेही नाही. शीलाला पालीत ‘सिक्खापद’ म्हणतात, म्हणजे शिकण्याचे पाऊल. ते एकदा घेऊन संपत नाही. बौद्ध उपासक पंचशील पुनःपुन्हा ग्रहण करतात. आम्ही सोडल्यानंतर दुसऱ्या महिन्यात एका लग्नात दोन विड्या ओढल्या. पूर्वी असे झाले की ‘आता गेलेच’ म्हणून आम्ही पुरे बंडल संपवीत असू. या वेळी तारीख वहीत लिहिली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात केली. सोण नावाच्या भिक्खूस अति कष्टाने निराशा आली, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली होती. तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. आम्ही ‘जन्मभर’ हा शब्द काढून टाकला. फजरच्या नमाजानंतर फक्त त्या दिवसाची नियत करीत होतो.

ज्यांना शारीरिक त्रास फार होतो त्यांनी डॉक्टरांस भेटावे. निकोटीनची च्युइंगगम व औषधे मिळतात, त्यांत कमीपणा काही नाही. पहिला आठवडा सर्वांत कठीण, पुढे तीनचार आठवड्यांत त्रास बराच उतरतो. सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे, तिचा क्रमांक १८००-११-२३५६.

तलफ अजून येते, विशेषतः पावसाळ्यात. गेल्या रमजानात एका संध्याकाळी इफ्तारनंतर ती जुन्या ओळखीने आली. हात खिशाकडे गेला, डबी निघाली. घरातली मंडळी पाहत होती. आम्ही सर्वांना चिमूटचिमूट बडीशेप दिली आणि घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे लागली.