पितळेवरचा डाग : घासण्याआधी ओळखा

पितळेचा धंदा करणाऱ्यांना गिऱ्हाईक नेहमी एकच गोष्ट सांगते, "माल चमकवून द्या." इतवारीतील दुकानदार असो, मोमिनपुऱ्यातील पॉलिशवाला असो की फिरता कल्हईवाला, चमक दिसली की काम झाले असे समजले जाते. परंतु पितळ काळे का पडले, हिरवे का झाले, लाल का दिसते, हे न पाहता घासलेला माल पुष्कळदा दोन-चार महिन्यांत परत येतो. कधी डाग परत येतो, तर कधी भांडेच तडकते. म्हणून या अंकात आम्ही डागांची ओळख आणि सफाईची रीत सांगणार आहोत. उदाहरण मात्र भांड्याचे न घेता काडतुसाच्या पुंगळीचे घेतो, कारण पितळेची इतकी कठीण परीक्षा दुसरीकडे क्वचितच होते.

पुंगळीचे पितळ

रायफलीच्या काडतुसाची पुंगळी साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. हे पितळ ताणले तरी लवकर फाटत नाही. गोळी सुटताना पुंगळीवर दर चौरस सेंटीमीटरला ३,००० किलोहून अधिक दाब येऊ शकतो. तो क्षणभर सोसून पुंगळीने पुन्हा थोडे आकसावे लागते. आपल्या महाराष्ट्रात भुसावळजवळ वरणगावच्या कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. अशा कामात पितळेची चकती दाबून खेचतात आणि दर टप्प्यानंतर तापवून नरम करतात. तापवल्याने आलेली काळी पापुद्री सौम्य गंधकाच्या तेजाबात काढून माल स्वच्छ पाण्यात धुतात.

शेवटी पुंगळीचे फक्त तोंड पुन्हा तापवतात. त्यामुळे मानेवर निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. लष्करी काडतुसांवर हा पट्टा मुद्दाम ठेवतात, कारण तो पाहून मान नीट नरम केल्याची खात्री पटते. म्हणजे प्रत्येक डाग दोष नसतो. पाहणाऱ्याला तो कळला पाहिजे.

पावसाळ्यात तडकलेली काडतुसे

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. कोणी गोळी झाडली नव्हती, माल पडून होता, तरी मानेजवळ भेगा दिसत. पावसाळा संपला की हा प्रकार कमी होई. साठा तबेल्यांत किंवा त्यांच्या जवळ असे आणि घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला लागे. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्लंडच्या संशोधकांनी याचा पूर्ण उलगडा केला. धातूत आत अडकलेला ताण, अमोनिया आणि ओलावा या तीन गोष्टी एकत्र आल्या की पितळ तडकते. जस्त १५ टक्क्यांहून जास्त असेल तर धोका अधिक. आकार दिल्यानंतर पितळ २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हलके तापवून ताण काढला की हा धोका पुष्कळ कमी होतो.

हा धडा आपल्या कामालाही लागू पडतो. ठोकून पोचा काढलेला हंडा, दाबून बसवलेली कडी, आवळून घट्ट केलेला पितळी नळ यांत ताण असतोच. असा माल गोठ्याजवळ, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, कातड्याच्या किंवा खताच्या गोदामात पावसाळाभर ठेवू नये. कल्हईवाल्या बांधवांनी आणखी एक लक्षात घ्यावे. आपला नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार आहे. काम झाल्यावर भांड्याचा काठ, कड्यांचे सांधे आणि बाहेरची बाजू गरम पाण्याने धुऊन नवसागराचा अंश राहू देऊ नये. बाजारातील काही पॉलिशांतही अमोनिया असतो. झाकण उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते ताणाच्या मालाला लावू नये. परवानाधारक नेमबाजही पुंगळ्यांसाठी असे पॉलिश टाळतात, ते याच कारणाने.

रंग काय सांगतो

तपकिरी किंवा मंद काळपट रंग हवेने आणि हाताच्या घामाने येतो. तो वरवरचा असतो. त्याने धातू कमजोर होत नाही.

हिरवा थर म्हणजे आंबट, खारट पदार्थ किंवा ओलावा लागून बनलेला तांब्याचा क्षार. तो विषारी आहे. अन्नाच्या भांड्यात दिसला तर नुसते पॉलिश न करता पूर्ण साफ करून कल्हई करावी.

गुलाबी-लाल डाग सर्वांत फसवा. त्याची कारणे दोन. तेजाबाच्या जुन्या पाण्यात लोखंडी तार किंवा चिमटा पडला, तर पाण्यात उतरलेले तांबे पितळेवर बसते. हा डाग वरवरचा असतो आणि बफने निघतो. दुसरे कारण म्हणजे आंबट पाण्यात माल फार वेळ राहून जस्त विरघळून गेले आणि तांबे तेवढे उरले. अशा जागी धातू सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. एका कोपऱ्यात थोडे घासून पाहावे. खाली पिवळे पितळ लागले तर ठीक. लालच लागत गेले तर माल कमजोर झाला आहे, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

सफाईची रीत

आधी तेलकटपणा गरम पाणी आणि साबणाने काढावा. मग एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात माल पाच ते दहा मिनिटे ठेवावा. रात्रभर कधीही ठेवू नये. भांडे प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे घ्यावे, लोखंड आत जाऊ देऊ नये. नंतर साध्या पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा आणि पुन्हा धुवावा. आंबटपणा उरला तर डाग लवकर परत येतो. लगेच कापडाने पुसून कोरड्या लाकडी भुशात घोळवावा. लहान माल जास्त असेल तर फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून चमक आणता येते. पुंगळ्याही अशाच चमकवतात. शोभेच्या मालावर शेवटी मेणाचा किंवा लॅकरचा पातळ हात द्यावा.

शोऱ्याच्या तेजाबाने चमक झटकन येते, पण त्यातून निघणारा तांबूस धूर फुप्फुसाला घातक असतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस गाफील राहतो. बंद खोलीत हे काम करूच नये. ब्लीचिंग पावडर आणि तेजाब एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन निघतो. बफ करताना तोंडाला मास्क असावा आणि जेवणाआधी हात धुवावेत.

भंगारातील पुंगळ्या

पितळेला भाव चांगला मिळतो, म्हणून भंगारात पुंगळ्या आल्या की मोह होतो. या बाबतीत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लिलावाची कागदपत्रे नसतील तर त्या घेऊ नयेत. १९५९ च्या हत्यार कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरले आहेत आणि परवान्याशिवाय काडतुसे भरणे गुन्हा आहे. जिवाचा धोका त्याहून मोठा. ढिगात एखादे न फुटलेले काडतूस असू शकते, आणि भट्टीत किंवा हातोड्याखाली ते फुटते. २०१८ च्या नोव्हेंबरात वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. ते तर देखरेखीखालचे काम होते. आपल्या दुकानात तेवढीही व्यवस्था नसते. संशयास्पद वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवावे. झडलेल्या काडतुसाच्या काजळीत शिशाचा अंशही असतो. त्याची धूळ घरात, मुलांजवळ उडू देऊ नये.

मुरादाबाद आणि भंडाऱ्याचा माल आपल्या बाजारात येतच राहणार, आणि चमक तर प्रत्येकजण देतो. डागाचे कारण सांगणारा, कमजोर माल कमजोर म्हणून दाखवणारा कारागीर मात्र गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो. माल घेताना रंग, भेगा आणि सांधे पाहून पावतीवर दोन शब्द लिहून ठेवावेत. यात दोन मिनिटे जातात, पण पुढे होणारा वाद वाचतो.