बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७, रोम ५:६-१०

आमच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट-युद्ध होते. हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू भरतात आणि गौतमपुऱ्याचे तुर्रा व रुणजीचे कलंगी हे दोन पक्ष ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. पुष्कळ जण भाजतात. त्यानंतरच्या रविवारी वर्गातील मुलांना एकच विषय असतो : खरा शूर कोण? हा पाठ आम्ही त्याच रविवारी घेतो.

दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचे ठाणे होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी पाजील तर, असे तो सहज बोलून गेला. हुकूम नव्हता. तरी तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले व पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्यायले नाही. जिवावर उदार झालेल्या माणसांचे ते रक्तच होय असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले.

आता आपल्या मराठी मुलखातील एक उदाहरण पाहू. शिपाई नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत निरोप्या होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्याबरोबरची लहान तुकडी जवळजवळ गारद झाली. वय अवघे तेवीस. गोळीबार चालू असता त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, खोल पाण्यातून नेले, उभा बांध चढून सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोचविले. मग परत येऊन दुसऱ्याला नेले. त्यानंतर त्यांनी शत्रूच्या तीन मशीनगनच्या चौक्या नष्ट केल्या आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले.

मुले मशीनगनकडे धाव घेतील. शिक्षकांनी नदीपाशीच थांबावे. पहिल्या खेपेला माणूस आवेशात जातो; दुसऱ्या खेपेला पाण्यात व पलीकडे काय आहे हे त्याला पुरते ठाऊक असते.

चौक्यांचा भाग मात्र गाळू नये. मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यावा असे त्यांच्या मनात होते, असे पदकाच्या मानपत्रातच नमूद आहे. मोठी मुले येथे विचारतील, आणि विचारावेच : मग येशूने शत्रूंविषयी जे सांगितले त्याचे काय? चांगल्या माणसासाठी कोणी मरायला धजेल, पण ख्रिस्त आपण वैरी असतानाच आपल्यासाठी मेला, असे पौल रोमकरांस लिहितो. तेथवर कोणताही सैनिक पोचत नाही. आपणही पोचलेलो नाही. म्हणून घरी सुरक्षित बसून आम्ही त्या शिपायाचा न्याय करू धजत नाही.

पुढच्याच महिन्यात ओकिनावा बेटावर डेस्मंड डॉस या अमेरिकन वैद्यकीय शिपायाने सुमारे पंचाहत्तर जखमींना दोराने कड्यावरून खाली उतरविले. हा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. शस्त्र हाती घेणार नाही असा त्याचा निश्चय होता. त्यालाही त्याच्या देशाचे सर्वोच्च लष्करी पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळाले. एकाच्या हाती शस्त्र, दुसऱ्याचे हात रिकामे. पण जखमींना उचलताना दोघांचेही हात सारखेच भरलेले होते.

नामदेवराव आपल्या मंडळीतले नव्हते, मग त्यांचा पाठ का, असे कोणी म्हणेल. जखमी वाटसरूला उचलणारा शोमरोनीही आपल्यातला नव्हता.

आम्हांस स्वतःविषयी वेगळीच चिंता वाटते. आपण अशा कथा रंगवून सांगतो, मुलांचे डोळे चमकतात, आणि आपल्यालाही गोड वाटते. म्हणजे आपण ते पाणी पिऊन टाकतो. दाविदाला तहान लागलेली असूनही त्याने ते ओठाला लावले नाही.

वर्गाच्या शेवटी पाण्याचा तांब्या मध्ये ठेवून मुलांना विचारावे : ओतलेले पाणी जमिनीत जिरताना पाहून त्या तिघांना काय वाटले असेल? उत्तराची घाई करू नये.