कुशाग्र बालकाची गणितातील गती

प्रास्ताविक : शिक्षकाने फळ्यावर उदाहरण लिहून पुरे करण्यापूर्वीच ज्याचे उत्तर तयार असते, असे एखादे मूल पुष्कळ वर्गांत आढळते. उरलेल्या वेळात असे मूल एक तर खोड्या काढते किंवा निमूटपणे खिडकीबाहेर पाहत बसते. खोडकर मुलाकडे आपले लक्ष जाते, निमूट मुलाकडे जात नाही. आणि हानी बहुधा त्याचीच अधिक होते. श्रमावाचून यश मिळते अशी त्याची समजूत होते व पुढे पहिलेच खरे कठीण उदाहरण समोर येताच त्याचा धीर सुटतो.

साधन : अशा बालकास उत्तरांप्रमाणे उदाहरणे बदलणारे गणिताचे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. उत्तरे बरोबर येत गेली की ते कठीण उदाहरण देते. चुकू लागली की एक पायरी मागे नेते. ही कल्पना अगदी नवी नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक सपीज यांनी १९६० नंतरच्या दशकात प्राथमिक शाळेतील मुलांना संगणकाद्वारे अंकगणिताचा सराव दिला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली कुशाग्र मुलांसाठी कार्य आरंभिले. त्यांचे सूत्र असे, की प्रथम चाचणीने मुलास काय येत नाही ते शोधावे व तेवढेच शिकवावे.

कार्यपद्धती : (१) घटक सुरू करण्यापूर्वी त्याच घटकाची चाचणी घ्यावी. जे येते ते पुन्हा गिरवून घेऊ नये. (२) जे येत नाही तेथून सॉफ्टवेअरवर सराव सुरू करावा. वेळ मर्यादित ठेवावा. वीस मिनिटे पुरेशी होतात. (३) सरावातील दोन उदाहरणे वहीत रीतीसह सोडवून घ्यावीत व रीतीचे कारण मुलाच्या तोंडून ऐकावे.

तिसरी पायरी कधीही गाळू नये. समजा, चौथीतील एक मुलगी सॉफ्टवेअरवर अपूर्णांकांच्या भागाकारापर्यंत पोहोचली. अर्धा भागिले पाव, उत्तर दोन, असे ती क्षणात लिहिते. सॉफ्टवेअर तिला पुढे पाठविते. शिक्षक विचारतात, “बाळ, भागाकार केला, तरी उत्तर मूळ संख्येहून मोठे कसे आले?” मुलगी गप्प राहते. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणावयाचे, एवढेच तिला ठाऊक असते. मग शिक्षक म्हणतात, “अर्ध्या भाकरीत चतकोर किती?” ती हसून “दोन” म्हणते, आणि भागाकाराचा अर्थ तिला तेव्हा उमगतो. यंत्राला उत्तर दिसले. समजुतीतील उणीव शिक्षकाला दिसली.

सावधगिरी : पुढील इयत्तेचा पाठ हीच एक प्रगती नव्हे. त्याच पाठात खोल जाणे हीदेखील प्रगतीच होय. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या पाहावी. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि बाकीवर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७; ८७३० – ०३७८ = ८३५२; ८५३२ – २३५८ = ६१७४. अशी कोणतीही संख्या घेतली तरी अधिकांत अधिक सात वेळांत ६१७४ येते. येथे केवळ वजाबाकी लागते. परंतु असे का होते, हा प्रश्न कुशाग्र मुलाला दिवसच्या दिवस गुंतवून ठेवील.

तसेच, असे मूल सदैव यंत्रापुढे एकटे बसवू नये. आपली रीत सोबत्यांस सांगणे व त्यांची ऐकणे, हाही त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

शिक्षकांसाठी स्वाध्याय : आपल्या वर्गातील कोणते मूल उदाहरणे लवकर संपवून बसते? गेल्या आठवड्यात त्यास खरोखर कठीण वाटेल असे एक तरी उदाहरण मिळाले काय? नसल्यास उद्याच्या पाठाच्या टाचणात त्याची योजना करावी.